घराण्याचा शोध घेताना

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

मी मुरुडची. म्हणजे माहेरची नव्हे, सून म्हणून आले ती इथलीच होऊन गेले. दापोली तालुक्यातलं, हर्णै बंदराच्या अलीकडचं हे मुरुड. हे आधीच सांगते, कारण आज ज्या विषयावर बोलणार आहे त्यातला पहिला गोंधळ गावाच्या नावापासूनच सुरू होतो. महाराष्ट्रात मुरुडं तीन तरी आहेत. एक आमचं, एक जंजिऱ्याचं आणि एक लातूरकडचं. इंग्रजी अमदानीत आमचं मुरुड रत्नागिरी जिल्ह्यात होतं, जंजिऱ्याचं सिद्दीच्या संस्थानात आणि लातूरचं निजामाच्या राज्यात. एकाच नावाची तीन गावं, पण तीन सरकारं आणि तीन दफ्तरं. आजोबांचं गाव मुरुड एवढंच ठाऊक असेल, तर कुठल्या दफ्तराचा दरवाजा ठोठवायचा ते आधी ठरवावं लागतं.

काही वर्षांपूर्वी मॉरिशसहून एक कुटुंब कोकणात आलं होतं. त्यांच्या खापरपणजोबांना ऊसमळ्यावरच्या मजुरीसाठी मुंबईहून बोटीने नेलं होतं. मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये अशा मजुरांच्या नोंदी जपून ठेवलेल्या आहेत. माणसाचं नाव, बापाचं नाव, वय, जात, जिल्हा, गाव आणि पुढच्या काळातल्या काहींचे तर फोटोसुद्धा. त्यांच्या हातातल्या कागदावर गावाचं नाव इंग्रजी कारकुनाने ऐकलं तसं लिहिलेलं होतं. त्या स्पेलिंगचा उच्चार आम्ही चार जणांनी चार तऱ्हांनी केला. शेवटी मी त्यांना म्हटलं, कागद बाजूला ठेवा आणि तुमच्या घरात कुठल्या देवाचं नाव घेतात ते सांगा. त्यांनी देवाचं नाव सांगितलं आणि शोध दोन गावांवर आला. कुलदैवत आणि ग्रामदैवत माणसं सहसा सोडत नाहीत. आडनाव मात्र सहज बदलतं.

आडनावाचं उदाहरण आमच्या शेजारच्या मंडणगड तालुक्यातलंच आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं मूळ गाव आंबडवे, घराण्याचं आडनाव सकपाळ. ७ नोव्हेंबर १९०० रोजी सातारच्या शाळेत त्यांचं नाव दाखल झालं ते गावावरून आलेल्या आडनावाने. नुसतं आडनाव धरून मागे जाणारा माणूस इथे वाट चुकला असता. पुष्कळ कोकणी घराण्यांत हे झालेलं आहे. मुंबईच्या गिरणीत, गोदीत किंवा पलटणीत नाव लिहिताना साहेबाने विचारलं 'कुठला?' आणि उत्तराला 'कर' जोडून आडनाव तयार झालं.

जन्मगावाचंही तसंच. महर्षी धोंडो केशव कर्वे आमच्या मुरुडचे, पण त्यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी शेरवलीला झाला. बाळंतपण माहेरी करायची आपली रीत. म्हणून आजोबांची जन्मनोंद वडिलोपार्जित गावात मिळाली नाही तर आजोळच्या गावात शोधावी. आता आजोळ कुठलं ते कळायला पणजीचं माहेर ठाऊक हवं आणि नेमकं तेच कुणी लिहून ठेवलेलं नसतं! त्याबद्दल पुढे बोलणारच आहे.

सुरुवात घरापासून करावी. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसापाशी बसावं, पण 'आपला वंश सांगा' असं म्हणू नये. लग्नात मानपान कुणाकडे जायचा, सुतक कुणाकुणाचं धरायचे, सणाला कुणाच्या घरी नारळ ठेवायचे, हे विचारावं. सुतक ही तर आपली बिनकागदाची वंशावळ! दहा दिवस कुणाचं आणि तीन दिवस कुणाचं हे आजीला पक्कं माहीत असे. नंतर ट्रंक उघडावी. जुन्या पत्रिका, शेतसाऱ्याच्या पावत्या, शाळेचे दाखले, भांड्यांवर घातलेली नावं. आमच्या घरी एका तांब्याच्या घंगाळावरच्या नावामुळे एका लग्नाचं साल नक्की झालं.

जुन्या कागदांवरच्या तारखा वाचताना मात्र सावध असावं. शके असेल तर ७८ मिळवायचे म्हणजे इसवी सन येतो. पण पौषाच्या मध्यापासून फाल्गुनापर्यंतची मिती असेल तर ७९, कारण तोवर इंग्रजी साल पालटलेलं असतं. मराठेशाहीतल्या कागदांवर अरबी अंकनामांत सन दिलेला असतो. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवावे लागतात. एका गृहस्थांनी शकाला इसवी सन समजून आपल्या पूर्वजांना शिवाजी महाराजांच्याही आधीचे सरदार करून टाकलं होतं. त्यांचा हिरमोड करायचं काम माझ्याकडे आलं.

सरकारी कागदांत सर्वसामान्य माणसाला सर्वांत उपयोगी पडतं ते कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४. गावातले जन्म-मृत्यू कोतवाल नोंदवून तालुक्याला कळवत असे. २०२३ साली कुणबी नोंदींच्या शोधासाठी न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा घरोघरी या बुकाचं नाव ऐकू येऊ लागलं. त्यापूर्वी ते मागायला गेलं की, 'कशाला हवंय तुम्हाला?' असं विचारत. त्याच्या जोडीला शाळेचं जनरल रजिस्टर, सातबाऱ्यामागचे जुने फेरफार आणि आपल्या जिल्ह्यापुरते खोतीचे कागद. खोती १९४९ च्या कायद्याने गेली, पण कुठल्या कुळाने कुठली जमीन कसली हे त्या कागदांत राहिलं. ज्यांच्या घरात कधी कुणी काही लिहून ठेवलं नाही, त्यांच्या पणजोबांचं नाव पुष्कळदा खोताच्याच वहीत सापडतं. बाकीदार म्हणून का असेना!

तीर्थोपाध्यायांच्या वह्या हा आपल्याकडचा खास खजिना. नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी, गया अशा ठिकाणी आडनाव आणि गाव सांगितलं की उपाध्ये वही काढतात. यात्रेला आलेल्या पूर्वजाने स्वतःच्या हाताने भावांची, मुलांची नावं लिहिलेली असतात. हरिद्वारच्या अशा वह्यांच्या मायक्रोफिल्म अमेरिकेतल्या युटा राज्यातील एका वंशावळ संस्थेने करून ठेवल्या आहेत. अमेरिकेतली माणसं आपले पूर्वज शोधताना चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या आणि दफनाच्या वह्या चाळतात. आपल्याकडे ते काम गंगेच्या आणि गोदेच्या काठी झालं.

पुण्याचं पेशवे दफ्तर मात्र पहिल्याच फेरीत गाठू नये. तिथे कोट्यवधी कागद रुमालांत बांधलेले आहेत आणि ते आपल्या आडनावाप्रमाणे लावलेले नाहीत. आमच्या भागाचे कागद पाहायचे तर 'तालुके सुवर्णदुर्ग' माहीत हवं. शिवाय मोडी यायला हवी. ती अवघड नाही. पुराभिलेख विभागातर्फे वर्ग चालतात. मी निवृत्तीनंतर शिकले. पहिले सहा महिने 'न' आणि 'त' यांनी रडवलं.

आता छापील कुलवृत्तांतांबद्दल. ती मोठ्या कष्टाने केलेली पुस्तकं आहेत. गावोगाव पत्रं पाठवून, पदरचे पैसे घालून माणसांनी ती सिद्ध केली. पण ती बहुतेक पत्राने आलेल्या उत्तरांवर उभी आहेत, आणि ज्याने उत्तर लिहिलं त्याला जे सांगायचं होतं तेवढंच त्यांत आलं. आमच्या घराण्याच्या हस्तलिखित वंशावळीत माझ्या आजेसासऱ्यांच्या थोरल्या भावापुढे एकच शब्द आहे, 'निर्वंश'. त्यांच्या बायकोचं नाव नाही. लग्न झालं होतं एवढं सासूबाईंना माहीत होतं. 'ती वेडसर होती म्हणे, लवकरच गेली,' यापलीकडे त्यांनाही कुणी काही सांगितलं नव्हतं.

मी सून. त्याच वंशावळीत माझ्या यजमानांच्या नावाखाली माझं सासरचं नाव आहे, माहेरचं नाही. त्यामुळे असेल, पण ती रिकामी जागा मला खटकत राहिली. शोध पुढे गेला तो एका वाटणीपत्रामुळे. घरातल्या कागदांत १९११ सालच्या वाटणीचा नुसता उल्लेख होता. दापोलीच्या दुय्यम निबंधक कार्यालयात जुन्या सूचीवरून त्या दस्ताचा क्रमांक मिळाला आणि नकल मिळाली. (नोंदणीकृत दस्तांची सूची नावावरून पाहता येते, हे ध्यानात ठेवा. फार उपयोगी गोष्ट आहे.) त्या दस्तात थोरल्या भावाच्या विधवेला वर्षाला साठ रुपये अन्नवस्त्र आणि माजघरालगतची खोली हयातीपर्यंत, असं कलम होतं. तिचं नाव होतं, तिच्या वडिलांचं नाव होतं. आणि शेवटी सह्यांच्या ठिकाणी होतं, 'सही दस्तुरखुद्द'.

त्या काळी लिहिता न येणाऱ्या बाईपुढे बांगडीची निशाणी असे, कुणब्यापुढे नांगराची. ही बाई स्वतः सही करते? वेडसर बाई? मूळ दस्त आमच्या दुसऱ्या शाखेकडे डोंबिवलीला निघाला. त्यावर दिरांच्या सह्या झरझर मोडीत आहेत आणि त्यांच्या खाली स्वच्छ, जरा मोठ्या अक्षरांतली बालबोध सही आहे. रेघ कुठे हललेली नाही. वेडसर असती तर तिची संमती कुणी घेतली असती का?

इथे मला मोह झाला, तो तुम्हालाही होईल म्हणून सांगते. अण्णासाहेब कर्व्यांनी १८९३ मध्ये विधवेशी पुनर्विवाह केला म्हणून याच मुरुडने त्यांच्यावर बहिष्कार घातला होता. १८९६ मध्ये त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला, पुढे तो हिंगण्याला गेला. मुरुडच्या घरातली तरुण विधवा, १९११ पर्यंत बालबोध लिहायला शिकलेली. ती हिंगण्याला शिकली असणार, असं लिहून मोकळं व्हावंसं वाटलं. तसं लिहिलं असतं तर घरातल्या सगळ्यांना आवडलंही असतं, जे तिचं नावसुद्धा घेत नाहीत त्यांनाही. पण माझ्यापाशी तसा एकही कागद नाही. ती भावाकडून शिकली असेल, शेजारच्या मुलाच्या पाटीवरून शिकली असेल. थोर माणसाच्या गावचे आपण, म्हणून त्यांच्या कामाशी आपला धागा जुळवू नये. कागद जिथे थांबतो तिथे आपणही थांबावं, आणि 'यापुढे माहिती नाही' असं वंशावळीत स्पष्ट लिहावं.

तिचा मृत्यू कुठे झाला ते मला अजून मिळालेलं नाही. मुरुडच्या नोंदीत ती नाही. आता वडिलांचं नाव कळल्यामुळे तिच्या माहेरचं गाव समजलं आहे, तिथलं कोतवाल बुक पाहायचं आहे. काही पानं वाळवीने खाल्ली आहेत असं ऐकते, तरी जाणार आहे.

तिचं नाव मी आज इथे सांगितलं नाही. आमचे थोरले भाऊजी ब्याऐंशी वर्षांचे आहेत. त्यांचं म्हणणं, वडिलांनी जे लिहिलं नाही ते आपण कशाला लिहा? मी त्यांना दस्ताची नकल वाचायला दिली. त्यांनी दोन दिवस ठेवून घेतली, परत देताना काही बोलले नाहीत, फक्त विचारलं, 'साठ रुपये दिले का गं त्यांनी शेवटपर्यंत?' त्याचं उत्तर माझ्यापाशी नव्हतं. 'निर्वंश' या शब्दाशेजारी तिचं नाव सध्या मी पेन्सिलीने लिहून ठेवलं आहे. गणपतीत सगळी भावंडं मुरुडला जमतात. शाई करायची की नाही, ते तेव्हा ठरेल.