कचेरी सांभाळून मॅरेथॉन

मॅरेथॉन शर्यतीचे अंतर ४२ किलोमीटर १९५ मीटर इतके असते. हे अंतर दोन तास दहा मिनिटांत कापावयाचे, तर प्रत्येक किलोमीटर सुमारे तीन मिनिटे पाच सेकंदांत संपविला पाहिजे, आणि ही गती अखेरपर्यंत टिकविली पाहिजे. जगातील बहुतेक देशांत हे काम आता धावणे हाच व्यवसाय असलेले खेळाडू करतात. त्यांच्या दिमतीला प्रशिक्षक असतात, उंच प्रदेशातील सराव शिबिरे असतात, दुपारची विश्रांती असते. अशा मंडळींच्या रांगेत जपानमधील एक शासकीय कर्मचारी अनेक वर्षे उभा राहत होता. त्याचे नाव युकी कावाउची. शाळेच्या कचेरीतील काम सांभाळून तो धावत असे. त्याने जिंकलेल्या शर्यतींइतक्याच त्याने गमावलेल्या शर्यतीही बोलक्या आहेत. म्हणूनच त्याच्या एका वर्षाचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे.

उद्योगांचे संघ आणि एकटा धावपटू

जपानमध्ये लांब पल्ल्याच्या धावण्याला मोठी प्रतिष्ठा आहे. दर वर्षी २ आणि ३ जानेवारी रोजी टोकियो ते हाकोने आणि परत अशी विद्यापीठांची टप्प्याटप्प्यांची शर्यत होते. लक्षावधी लोक ती दूरचित्रवाणीवर पाहतात. विद्यापीठातून बाहेर पडणारा गुणी धावपटू बहुधा एखाद्या मोठ्या उद्योगसंस्थेच्या संघात दाखल होतो. तो नावाला त्या संस्थेचा नोकर असतो. परंतु धावणे हेच त्याचे मुख्य काम असते.

कावाउची या वाटेने गेले नाहीत. त्यांचा जन्म ५ मार्च १९८७ चा. लहानपणी त्यांनी आईच्या देखरेखीखाली धावण्यास प्रारंभ केला. पुढे शालेय जीवनाच्या उत्तरार्धात दुखापतींनी त्यांना ग्रासले आणि धावण्यासाठी नावाजलेल्या विद्यापीठांची दारे त्यांना उघडली नाहीत. ते गाकुशुइन विद्यापीठात गेले. तेथील सराव तुलनेने हलका होता, आणि तोच त्यांना मानवला. हाकोनेच्या शर्यतीसाठी पात्र न ठरलेल्या विद्यापीठांतील निवडक विद्यार्थ्यांचा एक संयुक्त संघ असतो. त्या संघातून ते दोन वेळा धावले.

२००९ साली ते साईतामा प्रांताच्या शासकीय सेवेत रुजू झाले. त्यांची नेमणूक झाली ती सायंकाळचे वर्ग चालविणाऱ्या एका शाळेच्या कचेरीत. कामाची वेळ दुपारी पाऊण वाजल्यापासून रात्री सव्वानऊ वाजेपर्यंतची. एखाद्याने या वेळापत्रकाबद्दल कुरकुर केली असती. कावाउची यांनी मात्र सकाळ मोकळी आहे, एवढेच ध्यानात घेतले आणि सराव सकाळी ठेवला. सराव दिवसातून एकदाच. आठवड्यातून एक दिवस वेगाचा, एक दिवस लांब पल्ल्याचा, आणि उरलेले दिवस संथ धावण्याचे. उद्योगांच्या संघांतील धावपटू महिन्याला हजार किलोमीटर वा त्याहून अधिक धावत. त्यांचे अंतर सहाशे किलोमीटरच्या आसपास असे. शासकीय सेवक असल्यामुळे शर्यतीत उपस्थित राहण्याबद्दल मानधन घेण्यास किंवा जाहिरातदारांचा आश्रय स्वीकारण्यास त्यांना मुभा नव्हती. दूरच्या शर्यतींसाठी ते आपली रजा खर्ची घालीत.

टोकियोचा धडा

२७ फेब्रुवारी २०११ रोजी टोकियो मॅरेथॉनमध्ये कावाउची २ तास ८ मिनिटे ३७ सेकंदांत तिसरे आले. त्या दिवशी सर्व जपानी धावपटूंत ते पहिले होते. वृत्तपत्रांनी त्यांना ‘नागरिक धावपटू’ म्हणून डोक्यावर घेतले. त्याच वर्षी दक्षिण कोरियातील देगू येथे जागतिक स्पर्धेत त्यांना पहिल्या दहांत जागा मिळाली नाही. डिसेंबरमध्ये फुकुओका येथे ते मागे पडूनही पुन्हा पुढे सरसावले आणि तिसरे आले. लंडन ऑलिंपिकची निवड जवळ आली होती. सारा देश त्यांच्याकडे डोळे लावून बसला होता.

निवडीची शर्यत २६ फेब्रुवारी २०१२ रोजी टोकियोतच झाली. मॅरेथॉनमध्ये ठराविक अंतरावर मेजे मांडलेली असतात आणि प्रमुख धावपटूंनी आपापली पेये बाटल्यांत भरून तेथे ठेवलेली असतात. स्नायूंत साठविलेली साखर साधारणतः तीस-पस्तीस किलोमीटरनंतर संपत येते. वाटेत घेतलेले पेय ती उणीव काही अंशी भरून काढते. त्या दिवशी गर्दीच्या घाईत कावाउची यांच्या बाटल्या हुकल्या. ते चौदावे आले. वेळ २ तास १२ मिनिटे ५१ सेकंद. त्याच शर्यतीत आराता फुजिवारा हा धावपटू दुसरा आला आणि ऑलिंपिक संघात गेला. विशेष असे की, त्या वेळी त्यालाही कोणत्याच उद्योगसंस्थेचा आधार नव्हता. तेव्हा संघाविना धावणाऱ्याला यश मिळतच नाही, असे समाधानही कावाउची यांना करून घेता येत नव्हते.

त्यांनी मुंडन करून घेतले. जपानमध्ये अपयशाबद्दल क्षमा मागण्याची ही एक रूढ रीत आहे. एका कारकुनाने छंद म्हणून धावलेली शर्यत गमावली, तर त्यात देशाची क्षमा मागण्यासारखे काय आहे, असा प्रश्न कोणालाही पडावा. परंतु लोकांनी टाकलेला विश्वास हाही एक प्रकारचा कार्यभार असतो, अशी त्यामागची भावना असावी. त्याहून महत्त्वाचे हे की, त्यांनी क्षमा मागितली, पण धावणे थांबविले नाही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सिडनी येथील मॅरेथॉन त्यांनी २ तास ११ मिनिटे ५२ सेकंदांत जिंकली.

२०१३ : अकरा शर्यतींचे वर्ष

वर्षातून दोन मॅरेथॉन शर्यती पुरे, त्याहून अधिक धावल्यास शरीर झिजते, असा अनुभवी प्रशिक्षकांचा सर्वसाधारण सल्ला असतो. २०१३ या एका वर्षात कावाउची अकरा मॅरेथॉन धावले.

वर्षाचा आरंभ जानेवारीत इजिप्तमधील लक्सर येथे झाला. निघताना पारपत्र विसरल्यामुळे त्यांचे विमान चुकले. पदरमोड करून त्यांनी दुसरे तिकीट काढले, ते तेथे पोहोचले आणि त्यांनी शर्यत जिंकली. ३ फेब्रुवारी रोजी जपानमध्येच बेप्पु-ओइता येथे त्यांची गाठ केंतारो नाकामोतो यांच्याशी पडली. नाकामोतो हे लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आलेले, उद्योगसंघाचे धावपटू. दोघांची झुंज अखेरच्या टप्प्यापर्यंत रंगली. कावाउची यांनी २ तास ८ मिनिटे १५ सेकंदांत बाजी मारली. १७ मार्च रोजी सोल येथे ते चौथे आले. परंतु वेळ एका सेकंदाने सुधारली. २ तास ८ मिनिटे १४ सेकंद हा त्यांचा नवा व्यक्तिगत उच्चांक ठरला. एप्रिलमध्ये नागानो येथे आणि जुलैमध्ये ऑस्ट्रेलियातील गोल्ड कोस्ट येथे त्यांनी पुन्हा विजय मिळविला.

एवढी कमाई गाठीशी घेऊन ते ऑगस्टमध्ये मॉस्कोच्या जागतिक स्पर्धेत उतरले. तेथे ते अठरावे आले. वेळ २ तास १५ मिनिटे ३५ सेकंद. ज्या नाकामोतोंना त्यांनी फेब्रुवारीत हरविले होते, ते मॉस्कोत पाचवे आले. देशाचे नाव छातीवर लावून धावताना त्यांना पुन्हा एकदा यशाने हुलकावणी दिली. नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्क येथे ते अकरावे आले. वर्ष आता उतरणीला लागले, असे पाहणाऱ्यास वाटले असते. पण डिसेंबरच्या पहिल्या दिवशी फुकुओका येथे त्यांनी २ तास ९ मिनिटे ५ सेकंदांत तिसरे स्थान पटकाविले, आणि त्यानंतर अवघ्या चौदा दिवसांनी होफु येथे २ तास ९ मिनिटे १५ सेकंद अशी वेळ नोंदवून दुसरे स्थान मिळविले.

शर्यत हाच सराव

या वर्षाकडे बारकाईने पाहिले म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते. इतक्या शर्यती धावणे ही केवळ हौस नव्हती. ती एक पद्धत होती. वेगाने लांब अंतर धावण्याचा सराव एकट्याने करणे फार अवघड असते. संघातील धावपटूंना सोबती असतात, वेळ मोजणारे असतात, पाणी देणारे असतात. कावाउची यांच्याकडे यांपैकी काहीच नव्हते. शर्यतीत मात्र हे सारे आयते मिळते. रस्ता मोकळा केलेला असतो, अंतर अचूक मोजलेले असते, आणि अंगात असेल नसेल तेवढे बळ बाहेर काढावयास लावणारे प्रतिस्पर्धी शेजारी असतात. म्हणून त्यांनी शर्यतीलाच सराव मानले. आठवड्यातील उरलेले दिवस संथ धावून ते शरीराला सावरण्यास अवसर देत.

या पद्धतीचा आणखी एक लाभ होता. वर्षातून दोनच शर्यती धावणाऱ्याला एक अपयश सहा महिने छळते. अकरा शर्यती धावणाऱ्याला दुसरी संधी लवकर मिळते, आणि बाटली हुकण्यासारखी चूक कशी टाळावी हेही तो लवकर शिकतो. अर्थात या पद्धतीला मर्यादाही आहेत. सतत शर्यती धावणाऱ्या शरीरात एखाद्या मोठ्या दिवसासाठी राखून ठेवलेली ताजी शक्ती किती उरते, हा प्रश्न मॉस्कोच्या निकालानंतर विचारला जाणे स्वाभाविक होते.

जमा आणि खर्च

पुढील वर्षांतही यशापयशाची ही सरमिसळ चालूच राहिली. २०१७ साली लंडनच्या जागतिक स्पर्धेत ते नववे आले. आठवे स्थान केवळ तीन सेकंदांनी हुकले. १ जानेवारी २०१८ रोजी अमेरिकेतील मार्शफील्ड या गावी, उणे १७ अंश सेल्सिअसच्या गोठविणाऱ्या थंडीत, जवळजवळ प्रेक्षकांविना होणाऱ्या एका लहानशा मॅरेथॉनमध्ये ते धावले. त्या दिवशी त्यांच्या या खटाटोपाचे अनेकांना नवल वाटले असेल. साडेतीन महिन्यांनंतर, १६ एप्रिल रोजी, जगप्रसिद्ध बोस्टन मॅरेथॉनच्या दिवशी मुसळधार पाऊस, बोचरी थंडी आणि समोरून झोडपणारा वारा असे हवामान होते. मोठमोठे धावपटू एकामागून एक हतबल झाले. कावाउची यांनी २ तास १५ मिनिटे ५८ सेकंदांत ती शर्यत जिंकली. १९८७ नंतर बोस्टन जिंकणारे ते पहिले जपानी पुरुष धावपटू ठरले.

एप्रिल २०१९ मध्ये, दहा वर्षांच्या सेवेनंतर, त्यांनी शासकीय नोकरी सोडली आणि ते व्यावसायिक धावपटू झाले. त्याच वर्षी दोहा येथील जागतिक स्पर्धेत ते एकोणतिसावे आले. परंतु २८ फेब्रुवारी २०२१ रोजी बिवा सरोवराकाठच्या शर्यतीत, चौतिसाव्या वाढदिवसाला काही दिवस उरले असताना, त्यांनी २ तास ७ मिनिटे २७ सेकंद अशी वेळ दिली. आठ वर्षांपूर्वीचा सोलचा उच्चांक त्यांनी ४७ सेकंदांनी मागे टाकला.

या शेवटच्या आकड्याकडे डोळेझाक करणे योग्य होणार नाही. नोकरीने त्यांच्याकडून काही हिरावून घेतले असेलही. पूर्ण वेळ हाती असता तर ते अधिक वेगाने धावले असते काय, याचे उत्तर आता कोणालाच देता येणार नाही. परंतु दुसऱ्या बाजूला जमेचा हिशेब ठोस आहे. सवलत न मागता, कामात खंड न पाडता, केवळ सकाळचे तास आणि हक्काची रजा यांच्या बळावर एका कारकुनाने जगातील अव्वल धावपटूंशी बरोबरी केली.

कार्यालयात, शाळेत वा पंचायतीत काम करणाऱ्या प्रत्येकाला वेळेच्या अभावाचा अनुभव असतो. सारे अनुकूल होईल तेव्हा आरंभ करू, असे म्हणता म्हणता वर्षे निघून जातात. कावाउची यांच्या २०१३ सालातून घेण्यासारखे आहे ते एवढेच की, हाती असलेला वेळ प्रथम नीट मोजावा, त्यात बसेल तेवढेच काम ठरवावे, आणि ठरविलेले मात्र चुकवू नये. त्यातून मिळणारे फळ दर वेळी गोड असेलच असे नाही. त्या वर्षी कावाउची यांच्या वाट्याला बेप्पुचा विजय आला, तसे मॉस्कोचे अठरावे स्थानही आले. मॉस्कोनंतर ते पुन्हा आपल्या सकाळच्या सरावाकडे आणि कचेरीकडे वळले, म्हणूनच डिसेंबरातील फुकुओका आणि होफु त्यांना साधता आले.