आईचे दूध : हिशेबाबाहेरचे उत्पादन

(व्याख्यानाचा संपादित मजकूर)



राष्ट्रीय उत्पन्नाचा हिशेब करताना शेतकऱ्याने घरी खाण्यासाठी ठेवलेले धान्यही उत्पादनात धरले जाते. गोठ्यातील म्हशीचे दूध बाजारात न जाता घरातच संपले, तरी त्याची किंमत आकारून ते जमेस धरतात. त्याच घरातील बाळंतिणीच्या दुधाची मात्र या हिशेबात नोंद होत नाही. नॉर्वेने आपल्या अन्नपुरवठ्याच्या आकडेवारीत आईच्या दुधाला स्थान दिले आहे. असे देश विरळाच.

हे उत्पादन किती असते? पहिले दोन-तीन दिवस चीक येतो, तो दिवसाला जेमतेम ४० ते ५० मिलिलिटर. नवजात बालकाच्या इवल्याशा पोटाला तेवढा पुरतो. आठवडाभरात प्रमाण झपाट्याने वाढते आणि पहिल्या महिन्यानंतर, बाळ केवळ अंगावरच पीत असेल तर, सरासरी दिवसाला ७५० ते ८०० मिलिलिटरवर स्थिरावते. सहा महिन्यांचे मिळून हे सुमारे १३५ लिटर होते. देशात वर्षाला सव्वादोन कोटींहून अधिक बालके जन्मतात. प्रत्येकाला सहा महिने एवढे दूध मिळाले, तर ते ३०० कोटी लिटरच्या पुढे जाईल.

या दुधातून बाळाला रोज सुमारे ५०० किलोकॅलरी मिळतात. ते तयार करण्यात आईच्या शरीराची थोडी अधिक ऊर्जा खर्च होते. म्हणूनच भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने पहिल्या सहा महिन्यांत स्तनदा मातेस रोज ६०० किलोकॅलरी अधिक आहार सुचविला आहे. हा आहार मिळाला नाही तर काय होते? अतितीव्र कुपोषण वगळता दुधाचे प्रमाण फारसे घटत नाही. घटते ती आईची शरीरसंपदा. उत्पादन चालू राहते आणि भांडवल झिजते.

तरीही ‘दूध पुरत नाही’ ही तक्रार घरोघरी ऐकू येते आणि वरचे दूध सुरू होते. येथे या ‘बाजारा’चा विलक्षण नियम लक्षात घेतला पाहिजे : मागणीच पुरवठा निर्माण करते. बाळ जितक्या वेळा पिते, तितका पान्हा टिकतो. स्तन भरलेला राहिला की निर्मिती मंदावते. वरच्या दुधाने बाळाची भूक भागली की ते अंगावर कमी पिते आणि तक्रार खरी ठरते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार सहा महिन्यांखालील बालकांतील निव्वळ स्तनपानाचे प्रमाण २००५-०६ मधील ४६.४ टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये ६३.७ टक्क्यांवर गेले, ही समाधानाची बाब आहे. परंतु त्याच पाहणीत ८८.६ टक्के बाळंतपणे दवाखान्यात झाली असताना जन्मानंतर तासाभरात स्तनपान लाभलेली बालके ४१.८ टक्केच होती.

तेव्हा टंचाई बहुधा दुधाची नसते, आईच्या वेळेची असते. दिल्लीत हे फार पूर्वी दिसून आले. १९६९ मध्ये राजघाटाजवळ गांधी जन्मशताब्दी प्रदर्शनाचे बांधकाम चालू असताना मजूर स्त्रियांची तान्ही मुले तेथेच धुळीत पडलेली मीरा महादेवन यांनी पाहिली. त्यांनी तेथे एक पाळणाघर उघडले आणि त्यातून ‘मोबाइल क्रेशेस’ ही संस्था उभी राहिली. मूल हाकेच्या अंतरावर असले की आई कामातून उठून त्याला पाजू शकते. एवढी साधी ही सोय आहे.

संघटित क्षेत्रातील स्त्रीला २०१७ पासून पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळते. ती सहा महिन्यांच्या स्तनपानाशी जुळते. नोएडात किंवा गुरुग्राममध्ये विटा वाहणाऱ्या वा घरकाम करणाऱ्या स्त्रीला अशी रजा नाही. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेतून पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये मिळतात. दिल्लीत ऑक्टोबर २०२४ पासून अकुशल कामगाराचे किमान वेतन दरमहा १८,०६६ रुपये होते. त्या दराने ही रक्कम सुमारे सात दिवसांची मजुरी भरते. वस्तुतः अन्नसुरक्षा कायद्याने २०१३ मध्येच किमान ६,००० रुपये ठरविले होते.

दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात २०१७ पासून ‘वात्सल्य मातृ अमृत कोष’ ही दुग्धपेढी आहे; मुंबईच्या शीव रुग्णालयात अशी पेढी १९८९ मध्येच सुरू झाली होती. आईचे दूध विकता येत नाही, हे अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने मे २०२४ मध्ये पुन्हा बजावले आणि ते योग्यच आहे. किंमत नसावी, पण म्हणून मोल नाही असे धरून चालणारे नियोजन सदोष ठरते.

पाळणाघराचे बंधन १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यात पन्नासहून अधिक स्त्री कामगार असतील तेथेच होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या संहितेत ही अट पन्नासहून अधिक कामगार अशी, म्हणजे स्त्री-पुरुष मिळून, झाली आहे. एका इमारतीवरील मजुरांची मोजणी उपकंत्राटदारागणिक वेगळी होणार की एकत्र, यावर आता बरेच अवलंबून राहील.