माल्टातील गावचा सण
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली. चारचौघींत उभे राहून बोलण्याची सवय नाही, तेव्हा चुकले तर सांभाळून घ्यावे.

माझी थोरली लेक माल्टात परिचारिका आहे. गेल्या ऑगस्टात आम्ही उभयता तिच्याकडे गेलो होतो. भूमध्य समुद्रात, सिसिलीच्या दक्षिणेला हे चिमुकले बेटांचे राष्ट्र आहे. उन्हाळा आला की तेथे आज या गावी, उद्या त्या गावी तेथल्या संताचा उत्सव असतो. त्याला फेस्ता म्हणतात. आम्ही पाहिला तो मोस्टा गावचा, 15 ऑगस्टचा, मरियामातेचा. आपल्याकडे त्या दिवशी झेंडावंदन!

रस्तोरस्ती पताका, चर्चवर दिव्यांच्या माळा. मूर्ती खांद्यावर घेऊन पुरुष मुंगीच्या पावलाने चालतात, पुढे बँड. सज्जांतून रंगीत कागदाच्या कपट्यांचा असा पाऊस पडतो की माझ्या अंबाड्यातून दुसऱ्या दिवशीही कपटे निघत होते. दुकानांत बदाम-तिळाची एक मिठाई मिळते, आपल्या चिक्कीचीच बहीण. दात मात्र मजबूत हवेत.

या तिथीला तेथे आणखी एक आठवण आहे. 1942 साली युद्धात बेटाला वेढा पडला होता, माणसे उपासमारीला आली होती. चौदा मालवाहू जहाजे निघाली, त्यांतली पाचच पोचली. तेलाचे ‘ओहायो’ जहाज मोडक्या स्थितीत बंदरात आले ते नेमके 15 ऑगस्टला. म्हणून त्या ताफ्याला आजही मरियामातेचेच नाव आहे.

परदेशी प्रवासी पुष्कळ येतात. तिकीट नाही, कोणी अडवत नाही. 2023 साली युनेस्कोनेही या सणाला आपल्या यादीत घेतले. पण प्रवाशांसाठी म्हणून तो मांडलेला नाही, हे मला फार आवडले. वर्गणी गावाची, राबणारे हात गावाचे. आपल्या हळदीकुंकवाला बाहेरच्या बायकांना बोलवावे की नाही, यावर मागच्या सभेत किती वेळ गेला, आठवते ना?

शोभेची दारूही गावचीच माणसे करतात, आपापला कामधंदा सांभाळून, बिनपगारी. 2010 साली गोझो बेटावर असा एक कारखाना उडाला आणि सहा माणसे गेली.

लेकीच्या शेजारच्या आजींचा मुलगा त्याच कामात आहे. रात्री आजींनी आम्हांला आपल्या दारात खुर्च्या दिल्या. आकाशात लाल-हिरवी झाडे फुलत होती, आम्ही ‘अहाहा’ करीत होतो. आजी मात्र वर पाहतच नव्हत्या. हातात जपमाळ, मान खाली. मी लेकीकडून विचारविले. त्या म्हणाल्या, “तुम्ही बघा. मी नुसती ऐकते.”

शेवटचा बार झाला. थोड्या वेळाने मुलगा गल्लीच्या टोकाला दिसला, तोंड काळे, हसत येत होता. आजी काही बोलल्या नाहीत. उठल्या, आत गेल्या आणि आम्हां सर्वांसाठी चहाचे आधण ठेवले.