सायटिक मज्जातंतूच्या निरनिराळ्या वाटा

शरीरांतील सर्वांत जाड मज्जातंतु कोणता असें विचारलें, तर पुष्कळांची दृष्टि मेंदूकडे वळेल. वस्तुतः तो बैठकींत आहे. कमरेच्या व त्रिकास्थीच्या मणक्यांतून निघणारीं पांच मुळें मिळून हा सायटिक मज्जातंतु बनतो. आरंभीं त्याची रुंदी सुमारें २ सेंटिमीटर, म्हणजे अंगठ्याएवढी असते. आपल्या वैद्यांची गृध्रसी ती ह्याच वाटेनें उतरणारी वेदना होय.

शाळेंतील तक्त्यावर त्याचा मार्ग एकच दाखवितात. ओटीपोटाच्या हाडांच्या पोकळींतून तो पिरिफॉर्मिस नांवाच्या स्नायूच्या खालून बाहेर पडतो, मांडीच्या मागून उतरतो, आणि गुडघ्याच्या थोडा वर दुभंगतो. एक शाखा पोटरीकडे व तळव्याकडे जाते. दुसरी नडगीच्या बाहेरच्या अंगाला, आणि पाऊल वर उचलणें तिच्याकडे. परंतु निसर्ग तक्ता पाहून माणूस घडवीत नाहीं! कित्येकांत हा तंतु त्या पोकळींतच दुभंगलेला असतो. एक शाखा स्नायूला भेदून येते, दुसरी त्याच्या खालून. क्वचित् एक वरून व एक खालून. बीटन व ॲन्सन ह्या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञांनीं १९३७ सालीं असे सहा प्रकार मांडले. पुढें २०१० सालीं सहा हजारांहून अधिक शवांवरील निरीक्षणें एकत्र केलीं, तेव्हां शेंकडा सुमारें १७ ठिकाणीं वाट निराळी निघाली. सहांत एक असें ज्याचें प्रमाण, त्याला विकृति तरी कसें म्हणावें?

सुई टोंचणाऱ्यानें मात्र हें विसरूं नये. औषध तंतूंत किंवा त्याला लागून पडलें, तर पाऊल कायमचें लोंबूं शकतें. कृश मुलांत मांस थोडें, म्हणून भय अधिक. बैठकीच्या वरच्या बाहेरच्या चतुर्थांशांतच सुई द्यावी, हा दंडक ह्यासाठींच पडला. आतां तर कुल्ह्याच्या बाजूची जागा त्याहून बरी मानितात. गुडघ्यामागें भूल देतांनाही शाखा उंचावर फुटल्या असल्यास एक बधिर होते, दुसरी जागीच राहते. अल्ट्रासाउंड यंत्रानें तंतु आधीं पाहून घेतां येतो, ही मोठी सोय झाली.

पिरिफॉर्मिस तंतूला आवळतो व त्यानें जें दुखणें होतें, त्याला १९४७ सालीं रॉबिन्सन यांनीं त्या स्नायूचेंच नांव दिलें. तेव्हां निराळी वाट हेंच त्याचें कारण, असें मानण्याचा मोह होतो. पण २०१० च्या त्याच पाहणींत ह्या दुखण्यासाठीं शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांतही निराळ्या वाटेचें प्रमाण जवळजवळ तितकेंच आढळलें. छायाचित्रांत फांटा दिसला एवढ्यावरून शस्त्र उचलणें ही घाई होय. गृध्रसीचें मूळ बहुधा कमरेच्या मणक्यांमधील सरकलेल्या चकतींत असतें, आणि प्रथम तेथें पाहिलें पाहिजे.