धुराचा प्रश्न आणि सरकारी खजिना

मोटारींच्या धुराचा त्रास सर्वांसच होतो; परंतु तो धूर कमी करण्याचा खर्च कोणी सोसावा, या प्रश्नाचें उत्तर सोपें नाहीं. नवें यंत्र सिद्ध करावयाचें म्हणजे वर्षानुवर्षें पैसा ओतावा लागतो, आणि यशाची हमी कोणीच देऊं शकत नाहीं. म्हणून सावकार अशा कामीं हात आखडता घेतो. शुद्ध हवा हें तर सर्वांचें हित. तेव्हां सरकारनें पुढें यावें, अशी मागणी साहजिकच होते. सरकार पुढें आल्यावर काय घडतें, याचा बोधप्रद दाखला अमेरिकेंत सांपडतो.

इ. स. २००७ च्या डिसेंबरांत तेथें ऊर्जाविषयक एक कायदा झाला. कमी इंधन जाळणाऱ्या व कमी धूर सोडणाऱ्या मोटारी बनविण्यासाठीं २,५०० कोटी डॉलरपर्यंत सरकारी कर्जें देण्याची सोय त्यानें केली. नवी मोटार २००५ सालच्या तत्सम मोटारींपेक्षां इंधनाच्या बाबतींत निदान शेंकडा २५ नें सरस ठरली पाहिजे, अशी अट होती. फोर्ड कंपनीस ५९० कोटी डॉलर मंजूर झाले, निस्सान कंपनीस सुमारें १४५ कोटी. त्यांच्याबरोबर दोन नवख्या कंपन्यांसही कर्ज मिळालें: फिस्करला ५२ कोटी ९० लक्ष आणि टेस्लाला ४६ कोटी ५० लक्ष.

फिस्करला ठरलेले टप्पे वेळेवर गांठतां आले नाहींत. २०११ सालीं सरकारनें पुढील हप्ते थांबविले. तोंवर १९ कोटी २० लक्ष डॉलर देऊन झाले होते. २०१३ सालीं कंपनीचें दिवाळें निघालें आणि खजिन्यास सुमारें १३ कोटी ९० लक्ष डॉलरची खोट बसली. लोकांचा पैसा बुडाला म्हणून मोठा गिल्ला झाला, व तो अगदींच अनाठायी नव्हता. मात्र पैसा हप्त्यांनीं दिला होता, म्हणूनच मंजूर रकमेपैकीं ३३ कोटी ७० लक्ष डॉलर वांचले, हेंही विसरतां येत नाहीं.

टेस्लाचें फळ याच्या उलट. २०१० च्या जानेवारींत करार झाला, त्या पैशानें विजेची मोटार बनविण्याचें काम मार्गी लागलें, आणि २०१३ च्या मे महिन्यांत, मुदतीच्या नऊ वर्षें आधीं, सारें कर्ज सव्याज फिटलें. परंतु येथें एक मेख होती. कंपनीचे सुमारें ३० लक्ष शेअर ठराविक दरानें घेण्याचा हक्क करारानें सरकारास दिला होता. कर्ज लवकर फिटल्यास तो लोपावा, असेंही त्यांतच होतें. त्याप्रमाणें तो लोपला. पुढें त्या शेअरांचें मोल अनेक पटींनीं वाढलें. त्यांतला कांहींच वांटा खजिन्यांत आला नाहीं.

म्हणजे बुडाल्यास मुद्दल लोकांचें, आणि तरल्यास लोकांच्या पदरीं केवळ व्याज! हवा थोडी शुद्ध झाली हा लाभ खरा. पण हिशेब एवढ्यानें समतोल होत नाहीं. सरकारनें अशा कामीं पैसा घालूंच नये, हा यांतील बोध नव्हे. सर्वच दाणे उगवत नाहींत म्हणून कोणी पेरणी सोडीत नाहीं. हप्ता कामाच्या टप्प्याशीं बांधावा, हिशेब उघडा ठेवावा, आणि पीक आल्यास पेरणाराचा वांटा कोणता, हें पेरणीपूर्वींच लिहून घ्यावें. लोकांच्या पैशाचा विश्वस्त म्हणविणाऱ्या सरकाराचें हें पहिलें कर्तव्य होय.