दुसरा पासवर्ड
(रेडिओवरील भाषण)



मला मिळालेल्या दहा मिनिटांत एकच गोष्ट सांगायची आहे, आणि ती मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे. कारण ती ऐकताना "हे तर आम्ही केलंय" असं वाटतं आणि नेमकी तिथेच ती निसटते. तुमच्या घरच्या राउटरला पासवर्ड दोन असतात. एक वायफायचा. तो तुम्हाला पाठ आहे, मुलांना पाठ आहे, गणपतीला आलेल्या पाहुण्यांनाही पाठ आहे. दुसरा त्या डब्याचा स्वतःचा, त्याची सेटिंग उघडण्याचा. आजचं बोलणं या दुसऱ्यासाठी आहे.

आपल्याकडे इंटरनेट घरात येतं कसं ते आठवा. जुन्या पनवेलचा वाडा असो, खांदा कॉलनीतली चाळीस वर्षांची सोसायटी असो की करंजाड्यातला नवा टॉवर, कंपनीचा मुलगा येतो, भिंतीला भोक पाडतो, वायर आत घेतो, डबा टीव्हीच्या वर ठोकतो आणि विचारतो, "काकू, पासवर्ड काय ठेवू?" काकू म्हणतात, "ठेव रे माझा मोबाइल नंबर, लक्षात राहतो." तो ठेवतो, काकूंच्या मोबाइलवर वायफाय लावून देतो, चहा घेतो आणि पुढच्या घरी जातो. दुसऱ्या पासवर्डचा विषयच निघत नाही. तो कारखान्यातून आला तसाच राहतो. कित्येक डब्यांवर नाव 'अ‍ॅडमिन' आणि पासवर्डही 'अ‍ॅडमिन'. हल्ली काही कंपन्या प्रत्येक डब्याला वेगळा पासवर्ड देतात आणि तो खालच्या स्टिकरवर छापतात. ही सुधारणा चांगली आहे. पण तुमच्या घरी कुठला डबा आहे, हे तुम्ही उलटा करून पाहिलंय का?

पाण्याचं उदाहरण देते, कारण पाण्याचं महत्त्व पनवेलकराला सांगावं लागत नाही. सोसायटीच्या गच्चीवर टाकी असते. तुमच्या फ्लॅटच्या दाराची किल्ली तुमच्याजवळ असते, त्यामुळे तुमच्या नळाचं पाणी कोणी प्यायचं ते तुम्ही ठरवता. हा झाला वायफायचा पासवर्ड. पण टाकीच्या झाकणालाही कुलूप असतं. त्याची किल्ली ज्याच्या हाती, तो कुठल्या मजल्याचा व्हॉल्व्ह सोडायचा आणि कुठला बंद करायचा ते ठरवू शकतो, टाकीत काय पडायचं तेही ठरवू शकतो. हा दुसरा पासवर्ड. आता अशी कल्पना करा की बिल्डरने गावातल्या सगळ्या इमारतींच्या टाक्यांना एकाच किल्लीने उघडणारी कुलपं लावली आणि त्या किल्लीचं चित्र चौकातल्या फळ्यावर चिकटवलं. कारखान्यातून आलेला, सगळ्या डब्यांना सारखाच असलेला पासवर्ड म्हणजे अगदी हेच. कित्येक मॉडेलांचे असे मूळ पासवर्ड इंटरनेटवर यादी करून ठेवलेले आहेत, ते कुणालाही वाचता येतात. आणि आपण मात्र फ्लॅटच्या दाराला तीन कड्या लावून निश्चिंत झोपतो.

पहिल्या पासवर्डचा धडा आपल्या शेजारीच मिळाला होता. २६ जुलै २००८ ला अहमदाबादमध्ये बॉम्बस्फोटांची मालिका झाली, पन्नासहून अधिक माणसं गेली. स्फोटांच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना जबाबदारी घेणारा ई-मेल पोचला होता. पोलिसांनी तो कुठून निघाला याचा माग काढला आणि माग येऊन थांबला नवी मुंबईत, सानपाड्याला. पनवेलहून लोकलने तासाच्या आत पोचावं इतक्या जवळ. तिथे राहणाऱ्या एका अमेरिकन गृहस्थाच्या घरचं ते वायफाय होतं. त्याची चौकशी झाली, संगणक ताब्यात घेऊन तपासले गेले, जगभर त्याचं नाव छापून आलं. त्याचा काही संबंध नव्हता. त्याचं कनेक्शन दुसऱ्या कोणी वापरलं होतं. पुढच्याच महिन्यात असाच दुसरा मेल माटुंग्याच्या एका कॉलेजच्या वायफायवरून गेला आणि १३ सप्टेंबरच्या दिल्लीतल्या स्फोटांच्या वेळचा मेल चेंबूरच्या एका कंपनीच्या वायफायवरून. कनेक्शन ज्याच्या नावावर, त्याच्या दारात पोलीस आधी येतात, हे त्या तीन महिन्यांत सगळ्यांना कळलं. २००९ च्या सुरुवातीला मुंबई पोलिसांनी उघडी वायफाय शोधायची मोहीम काढली, दूरसंचार विभागानेही कंपन्यांना सूचना दिल्या. तेव्हापासून लोक वायफायला पासवर्ड लावायला लागले. ही मोठी गोष्ट झाली, ती मी कमी लेखत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की आपण तिथेच थांबलो. दाराला कुलूप लागलं, टाकी तशीच राहिली.

त्या पहिल्या पासवर्डबद्दलही दोन शब्द बोलायलाच हवेत, कारण मोबाइल नंबर ठेवायची सवय फार वाईट आहे. वायफायला फोन जोडला जातो तेव्हा हवेतून जी देवाणघेवाण होते, ती इमारतीच्या खाली उभं राहून टिपता येते. टिपली की ती घरी न्यायची आणि संगणकाला कामाला लावायचं. एकेक पासवर्ड लावून बघत बसायचं. तिथे कोणी अडवत नाही, राउटरला कळतही नाही. आपला मोबाइल नंबर दहा आकडी, सुरुवात सहा, सात, आठ किंवा नऊने. म्हणजे सगळे मिळून चारशे कोटी पर्याय. ऐकायला अफाट वाटतं, पण चांगलं ग्राफिक कार्ड असलेल्या संगणकाला हे काम काही तासांचंच आहे. इस्रायलमधल्या तेल अवीवमध्ये २०२१ साली एका सुरक्षा संशोधकाने शहरात फिरून पाच हजार वायफाय अशी तपासली आणि त्यातल्या सुमारे सत्तर टक्क्यांचे पासवर्ड त्याला मिळाले. कारण तिथेही लोक मोबाइल नंबरच ठेवतात. आपल्या गावात इस्रायल तलाव आहे, बेने इस्रायलांचं सिनेगॉग आहे, इथून तिकडे गेलेली मराठी बोलणारी कुटुंबं आहेत. माणसं सगळीकडे सारखीच. तेव्हा नंबर नको, मुलांचं नाव आणि जन्मसालही नको. एकमेकांशी संबंध नसलेले चारपाच मराठी शब्द रोमन अक्षरांत सलग लिहा. वीसपंचवीस अक्षरं होतात आणि लक्षातही राहतात.

पण पुन्हा सांगते, हा झाला पहिला पासवर्ड. तो कितीही भक्कम केला तरी दुसरा आपोआप बदलत नाही. ही दोन वेगळी कुलपं आहेत.

दुसरं कुलूप तसंच राहिलं की काय होतं? जुलै २०१७ मध्ये बीएसएनएलच्या कर्नाटकातल्या ब्रॉडबँड ग्राहकांना हे भोगावं लागलं. ज्या मोडेमचा मूळ 'अ‍ॅडमिन' पासवर्ड कोणी बदललाच नव्हता, त्यांच्यात एक घातक प्रोग्रॅम शिरला आणि मोडेम निकामी व्हायला लागले. पासवर्ड बदला, असं कंपनीला ग्राहकांना जाहीरपणे सांगावं लागलं. त्याच्या आदल्या वर्षी, २१ ऑक्टोबर २०१६ ला, अमेरिकेच्या पूर्व भागात ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा एका हल्ल्यामुळे काही तास बंद पडल्या होत्या. हल्ला कुठून आला? जगभरच्या घरांतल्या कॅमेऱ्यांमधून, रेकॉर्डरमधून, राउटरमधून. 'मिराई' नावाच्या प्रोग्रॅमजवळ साठेक जोड्यांची यादी होती, कारखान्यातल्या नावांची आणि पासवर्डांची. तो दारोदार जाऊन तेवढ्याच किल्ल्या लावून बघायचा. जिथे लागली, ते यंत्र त्याचं. ज्यांच्या घरात ती यंत्रं होती त्यांना काही पत्ताच नव्हता. आता तुमच्या सोसायटीच्या गेटवरचा कॅमेरा आठवा. त्याचा पासवर्ड कोणी बदलला होता, हे सेक्रेटरींना विचारा. नाही, कॅमेऱ्यांचा विषय मोठा आहे, तो इथे पुरा व्हायचा नाही.

काही जण म्हणतात, "आमच्या घरी लपवण्यासारखं काही नाही, घेईना का कोणी वायफाय." हे ऐकलं की मला खरंच राग येतो. टाकीच्या व्हॉल्व्हवर हात पडला की तुमच्या नळाला पाणी कुठल्या पाइपातून यायचं ते दुसरा ठरवतो. राउटरमध्ये डीएनएस नावाची एक नोंद असते. तुम्ही बँकेचं नाव टाइप करता, तेव्हा ते नाव म्हणजे नेमका कुठला संगणक, हे त्या नोंदीवरून विचारलं जातं. ती नोंद बदलली की नाव बरोबर टाइप केलं तरी पान भलतंच उघडू शकतं. ब्राझीलमध्ये २०११ पासून पुढे सुमारे ४५ लाख मोडेमच्या बाबतीत हेच झालं. तिथे चोर मोडेममधल्या एका दोषातून आत शिरले होते, म्हणून सॉफ्टवेअरचा अपडेट आला की तो घ्यायचा, टाकी जशी अधूनमधून धुऊन घेतो तसा. आणि ब्राउझरने 'ही साइट सुरक्षित नाही' असा इशारा दिला तर थांबायचं. घाईत 'पुढे जा' दाबणारी माणसं मी रोज बघते. नका दाबू.

आता करायचं काय. वायफायला जोडलेल्या फोनवर किंवा संगणकावर ब्राउझर उघडा आणि वरच्या पट्टीत १९२.१६८.१.१ असे आकडे इंग्रजीत टाका. काही डब्यांना १९२.१६८.०.१ असतं, स्टिकरवर बघा. नाव आणि पासवर्ड विचारेल. स्टिकरवरचा किंवा 'अ‍ॅडमिन' टाकून बघा. 'अ‍ॅडमिन'ने उघडलं, तर समजा की तुमच्या वायफायवर आलेला कुठलाही माणूस ते उघडू शकतो. पाहुण्याच्या फोनमधलं एखादं भुरटं अ‍ॅपसुद्धा. 'सिस्टीम', 'मॅनेजमेंट' किंवा 'अ‍ॅडमिनिस्ट्रेशन' असा भाग शोधा आणि तिथे पासवर्ड बदला. वायफायचा आहे तोच इथे ठेवू नका. नवा पासवर्ड कागदावर लिहा आणि तो कागद रेशनकार्ड, वीजबिल ठेवता त्या फाइलमध्ये ठेवा. कागदावर लिहू नये असं लोक सांगतात, पण तुमच्या कपाटातल्या फाइलपर्यंत पोचायला चोराला घरात यावं लागतं. विसरण्यापेक्षा लिहिलेलं बरं.

तिथे आहातच तर आणखी थोडं. सिक्युरिटीत डब्ल्यूपीए-२ किंवा डब्ल्यूपीए-३ असावं. डब्ल्यूईपी दिसलं तर तो डबा बदलाच, ती पद्धत २००१ पासून फोडलेली आहे. 'रिमोट मॅनेजमेंट' बंद करा, म्हणजे बाहेरच्या रस्त्यावरून गच्चीवर चढायची शिडी काढून घेतली. डब्ल्यूपीएस, म्हणजे वायफायचा पासवर्ड न टाकता फोन जोडून देणारी सोय, बंद करा. त्याचा पिन आठ आकडी, म्हणजे वरवर दहा कोटी शक्यता. पण राउटर तो पिन दोन तुकड्यांत तपासतो आणि शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून ठरलेला असतो, त्यामुळे अकरा हजार प्रयत्न पुरतात. २०११ च्या डिसेंबरमध्ये हे जाहीर झालं, आणि अजून आपल्याकडे कित्येक डब्यांत ती सोय चालू असते. 'गेस्ट नेटवर्क' असेल तर पाहुण्यांना आणि पेइंग गेस्ट मुलांना ते द्या. आवारातला बाहेरचा नळ असतो ना, तसा. पाणी मिळतं, पण घरात यावं लागत नाही.

पनवेलमध्ये भाड्याने राहणारे फार आहेत. कॉलेजची मुलं, कळंबोलीच्या बाजारातले कामगार, आता विमानतळामुळे येणारी कुटुंबं. मालकांनो, भाडेकरू बदलला की तुम्ही दाराचं कुलूप बदलता. राउटर तसाच राहतो. आधीच्या भाडेकरूला दोन्ही पासवर्ड माहीत असू शकतात. आणि भाडेकरूंनो, तुम्हीही हक्काने विचारा. कनेक्शन मालकाच्या नावावर असेल तर जबाबदारी नेमकी कुणाची, हा कायद्याचा वेगळा...

वेळ संपत आल्याची खूण झाली आहे. एक अडचण मात्र सांगूनच थांबते, कारण ती सगळ्यांना येते. समजा दुसरा पासवर्ड पूर्वीच कोणीतरी बदलून ठेवलाय आणि आता कुणालाच आठवत नाही. डब्याच्या मागे सुईच्या टोकाएवढं भोक असतं, रीसेटचं. टाचणीने दहाएक सेकंद दाबलं की सगळं कारखान्यातल्यासारखं होतं. पण थांबा, लगेच दाबू नका. फायबरच्या डब्यात कंपनीने भरलेली तुमच्या कनेक्शनची माहितीही त्यात पुसली जाऊ शकते आणि इंटरनेट बंद पडतं. आधी कंपनीला फोन करा, त्यांच्या मुलाला घरी बोलवा, तो असतानाच रीसेट करा, आणि तो जायच्या आत त्याच्यासमोर बसून विचारा, "दादा, वायफायचा झाला. आता दुसरा पासवर्ड कुठे बदलायचा, ते दाखव." तो म्हणेल, त्याची गरज नाही. तरी बदलून घ्या.