हाताने बांधलेली वही : टाक्यांचा हिशेब आणि पैशांचा हिशेब
(हीरकमहोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



हीरकमहोत्सवासारख्या समारंभात वहीसारख्या साध्या वस्तूवर व्याख्यान व्हावे, याचे कोणाला नवल वाटेल. परंतु शाळेत जी वस्तू सर्वांत अधिक हाताळली जाते, तिची बांधणी कशी होते याकडे बहुधा कोणाचेच लक्ष जात नाही. अलीकडे जयपूर, पुणे, बेंगळुरू, पुदुच्चेरी अशा अनेक शहरांत हाताने वह्या बांधून विकणारे लहान स्टुडिओ दिसू लागले आहेत. एक खोली, एक मोठे टेबल, दाबण्यासाठी शिकंजा, कापण्यासाठी सुरी आणि दोन-तीन माणसे एवढाच त्यांचा पसारा असतो. ते चालवणारे पुष्कळदा सुशिक्षित तरुण असतात आणि त्यांच्या घरी एकच प्रश्न विचारला जातो : “एवढे शिकून वह्या शिवायच्या? याच्यावर पोट भरते का?” हा प्रश्न रास्त आहे आणि त्याला सरळ उत्तर दिले पाहिजे. ते उत्तर दोन हिशेबांत आहे. एक टाक्यांचा, दुसरा पैशांचा.

प्रथम या कामाची परंपरा पाहू. मराठीत सुट्या पानांच्या ग्रंथाला पोथी म्हणत आणि शिवलेल्या पानांच्या हस्तलिखित संग्रहाला बाड. तुकोबांच्या अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडाल्या आणि पुन्हा वर आल्या, ही कथा महाराष्ट्रात लहान मूलही जाणते. त्या कथेच्या मध्यभागी वहीच आहे. मराठ्यांचा कारभार जेथे जेथे गेला तेथे तेथे कागद आणि दफ्तर गेले. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात आजही मोडी लिपीतील मराठी कागदपत्रे जपलेली आहेत. महाराष्ट्राबाहेर राहून मराठी लिहिणाऱ्यांची परंपरा किती जुनी आहे, याचा तो पुरावाच होय.

हा कागद येत असे तो बव्हंशी जवळच्या कागदी कारागिरांकडून. दख्खनमध्ये जुन्नर आणि दौलताबाद ही कागदाची नावाजलेली ठिकाणे होती. जुन्नरी आणि दौलताबादी ही कागदांची नावेच पडून गेली होती. चिंध्या आणि ताग कुटून लगदा करायचा, तो हौदातल्या पाण्यात मिसळायचा, साच्याने उचलायचा, वाळवायचा, त्याला खळ द्यायची आणि गुळगुळीत दगडाने घोटायचा, अशी ती रीत होती. गिरणीचा स्वस्त कागद आल्यावर हा धंदा ठिकठिकाणी बसला. 1934 साली महात्मा गांधींच्या प्रेरणेने अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. वर्ध्याच्या मगनवाडीत जे. सी. कुमारप्पांच्या मार्गदर्शनाखाली जे ग्रामोद्योग पुन्हा उभे करण्याचा प्रयत्न झाला, त्यांत हातकागदही होता. 1940 साली पुण्यात हातकागद संस्था निघाली. जयपूरजवळच्या सांगानेर येथे कागजी समाजाने हा उद्योग टिकवला आणि वाढवला. कुमारप्पांच्या नावाची राष्ट्रीय हातकागद संस्थाही तेथेच आहे. आज तेथील कागद मोठ्या प्रमाणात होजियरीच्या कारखान्यांतून उरलेल्या सुती कातरणांपासून बनतो. एखाद्या बनियनची कापून टाकलेली पट्टी वहीचे पान होऊन परत येते, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

आता टाक्यांचा हिशेब. बाजारातील पुष्कळशा स्वस्त वह्यांची सुटी पाने एका कडेला डिंकाने चिकटवलेली असतात. अशी वही पूर्ण उघडून टेबलावर ठेवली की कणा तडकतो आणि मधली पाने हाती येतात. हाताने बांधलेल्या वहीची रीत वेगळी आहे. चार ताव मधोमध दुमडून एकात एक बसवले की आठ पाने, म्हणजे सोळा पृष्ठे होतात. या गठ्ठ्याला बांधणीकार जुज म्हणतात. असे आठ जुज एकमेकांशी दोऱ्याने शिवले की 128 पृष्ठांची वही तयार होते. प्रत्येक जुजाच्या घडीत टोच्याने भोके पाडायची, मेण लावलेला दोरा आतून बाहेर आणि बाहेरून आत न्यायचा आणि प्रत्येक टाका मागच्या जुजाच्या टाक्यात अडकवायचा. टाका सैल राहिला तर वही डुगडुगते. फार आवळला तर कागद फाटतो. योग्य ताण हाताला कळावा लागतो आणि तो कळण्यासाठी पन्नासएक वह्या बिघडवाव्या लागतात.

याहून सूक्ष्म गोष्ट कागदाच्या दिशेची. यंत्रावर होणाऱ्या कागदात तंतू बहुतांशी एकाच दिशेला पडतात. ताव दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून पाहिला तर एका बाजूला तो सहज वाकतो, दुसऱ्या बाजूला अडतो. ज्या बाजूला तो सहज वाकतो, ती घडी वहीच्या कण्याला समांतर यावी लागते. तसे झाले नाही तर पाने ताठ उभी राहतात आणि पावसाळ्यात लाटांसारखी फुगतात. हातकागदाचा साचा पाण्यातून उचलताना पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे हलवला जातो. त्यामुळे त्याचे तंतू चहूकडे पसरतात आणि हा दोष कमी जाणवतो. मात्र हातकागदाचा स्वतःचा एक दोष असतो. त्याला पुरेशी खळ दिलेली नसेल तर शाई फुटते. म्हणून चांगला बांधणीकार कागदाचा नवा गठ्ठा आला की शाईच्या पेनाने दोन ओळी लिहून पाहतो आणि मगच तो वापरायला घेतो.

पुठ्ठ्याचेही तसेच. खळ ओली असताना कापड पुठ्ठ्यावर चढवले आणि वाळले की ते आखडते व पुठ्ठा बाहेरच्या बाजूला वाकतो. आतून अस्तराचा कागद चिकटवला की ताण दोन्हीकडे सारखा होतो. त्यानंतर वही शिकंज्यात किंवा वजनाखाली निदान एक रात्र ठेवावी लागते. घाई करून ती लवकर काढली तर ग्राहकाच्या घरी पोहोचेपर्यंत तिचे कव्हर उचलते. मैद्याची खळ कसरीला फार आवडते. म्हणून जुने बांधणीकार तिच्यात मोरचूद घालीत. मोरचूद विषारी आहे, त्यामुळे ते हाताळताना जपावे लागते आणि मुलांपासून दूर ठेवावे लागते. या साऱ्या गोष्टी वही हाती घेणाऱ्याला दिसत नाहीत. दिसते ते फक्त कापड आणि त्यावरचे नक्षीकाम. म्हणूनच या धंद्यात लबाडीला वाव आहे. वरून देखणी आणि आतून डिंकाने चिकटवलेली वही ‘हातची’ म्हणून विकणे अवघड नाही. पण ती एकदाच विकता येते.

दुसरा हिशेब पैशांचा. बहुतेक लहान स्टुडिओ कामाच्या दर्जामुळे बंद पडत नाहीत. ते चुकीच्या किमतीमुळे बंद पडतात. एक उदाहरण घेऊ. समजा, एका वहीला कागद, पुठ्ठा, कापड, दोरा आणि खळ मिळून 140 रुपये लागले. जागेचे भाडे, वीज आणि वाया गेलेला माल यांचा वाटा 40 रुपये धरला. वही घडवायला, वाळण्याचा वेळ सोडून, दीड तास लागला. कारागिराने नवखेपणाने 250 रुपये किंमत ठेवली. कारण याहून जास्त कोणी देणार नाही अशी त्याला भीती वाटते. खर्च वजा जाता त्याच्या हाती 70 रुपये उरले, म्हणजे तासाला 47 रुपयांहूनही कमी. वह्या भराभर खपतात, मित्रमंडळी कौतुक करतात आणि जितक्या वह्या अधिक खपतात तितका तो अधिक थकतो. सहा महिन्यांनी स्टुडिओ बंद होतो आणि घरची मंडळी म्हणतात, “सांगितले होते.”

आता हाच हिशेब नीट मांडू. तासाला 120 रुपये मजुरी धरली तर दीड तासाचे 180 झाले. माल आणि इतर खर्च मिळून वहीचा एकूण खर्च 360 रुपये होतो. त्यात नफा अजून आलेलाच नाही. वही दुकानात ठेवायची असेल आणि दुकानदार विक्रीच्या किमतीतील 40 टक्के घेत असेल, तर 600 रुपये किमतीच्या वहीमागे कारागिराच्या हाती बरोबर 360 येतात आणि नफा शून्य राहतो. 700 ला विकली तर 420 येतात आणि 60 रुपये उरतात. यातूनच पुढच्या हंगामाचा कागद, नवी सुरी आणि आजारपणाचे दिवस भागवायचे असतात. पाचवीच्या गणिताने सुटणारा हा हिशेब आहे. पण तो न मांडल्यामुळे कितीतरी चांगले हात या कामातून बाहेर पडले आहेत.

वेळेचा हिशेब तर पैशांहून कडक. दिवाळीच्या सुमारास एखादी कंपनी भेटीसाठी 200 वह्या पंधरा दिवसांत मागते. आनंदाने होकार देण्यापूर्वी गुणाकार करावा. दोनशे गुणिले दीड म्हणजे 300 तास. रोज आठ तास, एकही सुटी न घेता, एक माणूस पंधरा दिवसांत 120 तास काम करतो. म्हणजे अडीच माणसे लागतील, शिवाय वाळवण्यासाठी जागा आणि तेवढे वजन. अशा वेळी आगाऊ रक्कम घेणे, मुदत वाढवून मागणे किंवा नम्रपणे नाही म्हणणे, हे तिन्ही मार्ग प्रतिष्ठेचेच आहेत. घाईत डिंकाने चिकटवलेल्या दोनशे वह्या पाठवणे हा मात्र मार्ग नव्हे.

मग एवढी महाग वही घेतो कोण? गिरणीच्या वहीशी स्पर्धा करण्याचा विचारच या धंद्याने करू नये. शाळकरी मुलाला गृहपाठासाठी स्वस्त वहीच योग्य आहे. हातची वही घेणाऱ्याला काही जपून ठेवायचे असते : प्रवासाच्या नोंदी, चित्रे, आईच्या हातच्या पदार्थांच्या कृती, नवजात बाळाच्या पहिल्या वर्षाची हकिकत. सत्यजित राय आपल्या चित्रपटांची रेखाटने, संवाद आणि टिपणे लाल कापडाच्या बांधणीच्या ‘खेरोर खाता’त करीत. तशा वह्या बंगालमध्ये दुकानदार जमाखर्चासाठी वापरत. जगभर वाखाणलेल्या कलावंताला व्यापाऱ्याची चोपडी पुरेशी वाटली. कारण ती मजबूत होती, भरपूर पानांची होती आणि नीट उघडत होती. उत्तम वहीची याहून चांगली व्याख्या करता येणार नाही. जी वही इतकी सुंदर आहे की तिच्यात लिहिण्याचे धैर्यच होत नाही, ती कारागिराचे अपयश मानावी.

या कामाची आणखी एक बाजू आहे आणि ती शाळांच्या फार जवळची आहे. जुन्या शाळेच्या कपाटात जनरल रजिस्टर असते. शाळेत पाऊल ठेवलेल्या प्रत्येक मुलाचे नाव, जन्मतारीख, दाखल झाल्याचा आणि शाळा सोडल्याचा दिवस त्यात नोंदलेला असतो. पन्नास वर्षांनी एखाद्या माजी विद्यार्थ्याला जन्माचा पुरावा लागतो तेव्हा तेच रजिस्टर उघडले जाते. पुष्कळ ठिकाणी त्याचा कणा सुटलेला असतो, कडा झडत असतात आणि पाने चिकटपट्टीने जोडलेली असतात. ती पट्टी काही वर्षांत पिवळी पडते आणि अक्षरांवर डाग सोडून जाते. जुजबंदी जाणणारा कारागीर असे रजिस्टर उसवून, फाटलेल्या घड्यांना पातळ कागदाची पट्टी खळीने लावून, पुन्हा शिवून देऊ शकतो. ज्या गावात असा हात उरत नाही, त्या गावातील नोंदी पानापानाने नाहीशा होतात. नव्या वह्या विकून जगणारा स्टुडिओ जुन्या वह्या वाचवण्याची विद्याही जिवंत ठेवतो. म्हणून तो टिकणे ही केवळ त्याच्या मालकाची गरज नाही.

तेव्हा पालकांच्या त्या प्रश्नाचे उत्तर असे. होय, या कामावर पोट भरते. पण थाटात नव्हे आणि आपोआप तर मुळीच नव्हे. ज्याला टाका सारख्या ताणाने घालता येतो आणि त्या टाक्याची मजुरी न लाजता मागता येते, त्याचेच भरते. पहिली गोष्ट सरावाने येते. दुसरी येण्यासाठी घरच्यांचा आणि समाजाचा आधार लागतो. कारण शिकलेल्या मुलाने हाताचे काम केले की त्याला स्वतःची मजुरी धरण्याचाही संकोच वाटू लागतो. तो संकोच दूर करणे पालकांच्या हाती आहे. मुलाने हे काम निवडले तर त्याला धंदा सोडायला सांगण्यापूर्वी एकदा त्याच्या शेजारी बसावे, त्याची जमाखर्चाची वही मागावी आणि तिच्यात त्याच्या तासांचा रकाना आहे की नाही, एवढे पाहावे. नसेल तर तो रकाना पालकांनी स्वतःच्या हाताने आखून द्यावा.